अंबूवैनीचा राहिलेला ओवसा

गणपतीच्या आधी आठवडाभर लालबागच्या आमच्या चाळीत माळे साफ व्हायचे. कुणाच्या माळ्यावरून समया यायच्या, कुणाच्या माळ्यावरून मखराचे पुठ्ठे, तुटके पाट, आणि गॅलरीभर धूळ उडायची. अंबूवैनीच्या माळ्यावरून मात्र पाच सुपं खाली यायची. बांबूची, नवीकोरी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. ती एकेक सूप ओल्या फडक्याने पुसायची, कठड्याला टेकवून उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळून वर चढवायची. त्या सुपांत तिने कधी मूठभर तांदूळ पाखडले नाहीत. मी शेजारच्या खोलीत नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं, विकायला आणली असतील. तसं मी विचारलंही. माझं तोंड तेव्हापासून असंच आहे, आधी बोलतं आणि मग विचार करतं.

"विकायची नाय गो दमे," ती म्हणाली, "माझ्या ओवशाची हायत."

ओवसा म्हणजे काय ते आमच्या रत्नागिरीकडच्या बाईला सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. पावसाचं पूर्वा नक्षत्र चालू असताना गौर घरी आली, तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. हा योग दरवर्षी नसतो, कधी दोन वर्षं थांबा, कधी तीन. माहेरहून पाच सुपं येतात. त्यांना दोरा गुंडाळायचा, आत फळं, खोबरं, खारका, हळदकुंकू ठेवायचं. नवं लुगडं नेसून सुनेने सूप हातात धरायचं, गौरीपुढे ओवसायचं, म्हणजे सुपानेच ओवाळायचं, आणि मग एकेक सूप सासूला, सासऱ्याला, घरातल्या थोरांना द्यायचं. ते तिच्या हातावर काहीबाही ठेवतात, डोक्यावरून हात फिरवतात. त्या दिवसापासून सून त्या घरची. तोवर ती नुसती नवऱ्याची बायको.

अंबूवैनीचं लग्न उशिरा झालं होतं, धाकट्या भावंडांना वाढवण्यात तिची वर्षं गेली. नवरा गुणाजी मिलमध्ये साचा, म्हणजे माग, चालवायचा. माणूस कमी बोलणारा, पण चांगला. सासू गंगूबाई त्याच्या वाटचंही बोलून घ्यायची. लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात पूर्वा आली. सगळी गावाला गेली, सुपांना दोरे गुंडाळून झाले, आणि गौर यायच्या आदल्या दिवशी अंबूवैनीला कावळा शिवला. म्हणजे ती बाहेरची झाली. सासू म्हणाली, "असूंदे, पुढच्या पूर्वाला." पुढची पूर्वा आली ती माझ्या लग्नाच्या वर्षी. आम्ही दोघी आपापल्या गावी गेलो. माझा ओवसा झाला, मी जरीच्या लुगड्यात मिरवून आले. ती परत आली तेव्हा सुपं काखेतच होती.

"काय झालं गं?" मी जिन्यातच विचारलं.

"काय व्हायचंय? तेच."

तिने ते इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मलाच रडू आलं. माझ्या अंगावर अजून ओवशाचं नवं लुगडं होतं आणि मला ते बोचायला लागलं.

आता बाहेर बसायचं म्हणजे कुठे, तर खोली दहा बाय बाराची, त्यात सासू-सासरे, दीर, नवरा. आमच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी एक कोपरा होता, तिथे गोणपाट अंथरलेलं असायचं. ज्या बाईचे ते दिवस, ती तिथे. पाणी वेगळं, ताटली वेगळी. कोण कधी बसली, कधी न्हाऊन उठली, हे जाता-येता सगळ्या मजल्याला दिसायचं, पुरुषांनासुद्धा. आम्ही बाकीच्या चौथ्या दिवशी आत. अंबूवैनी बसली की उठतच नसे. उठलीच तर चार-सहा दिवस आत वावरायची की पुन्हा गोणपाटावर. बायका चेष्टा करायच्या की अंबूचं बिऱ्हाड जिन्यातच आहे. गंगूबाई म्हणायची, कामाचा कंटाळा, दुसरं काय! एवढ्या जणींच्या डोळ्यांसमोर ती बाई वाळत चालली होती आणि आम्हाला दिसत होता तो फक्त विटाळ.

तिला आणखी एक खोड होती. ती पाटीवरच्या पेन्सिली खायची. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिलींचा खोका आणायची आणि गोणपाटावर बसून कटाकटा चावायची. दुकानदार विचारायचा, "कितवीत आहे पोर?" ती "पहिलीत" म्हणायची. दरवर्षी पहिलीतच. मी तिला यावरून छेडायचे, आणि तीही हसायची. मग एकदा म्हणाली, "त्याला खोटं सांगताना बरं वाटतं गो. घटकाभर वाटतं, खरंच घरात कोणतरी पाटी घेऊन बसलंय." त्यानंतर मी छेडलं नाही.

चाळीत महापालिकेच्या कुटुंब नियोजनाच्या बाई यायच्या. खांद्याला पिशवी, पिशवीवर लाल त्रिकोण. दारोदार जाऊन विचारायच्या, मुलं किती, तांबी बसवणार का, ऑपरेशन कधी करणार. जिला तीन पोरं तिच्या दारात अर्धा तास. त्या जिना चढून आल्या की पहिली दिसायची ती अंबूवैनी, कोपऱ्यात, पांढरीफटक.

"मुलं किती?"

"एक पण नाय."

"मग तुमच्याकडे काम नाही," असं म्हणून बाई पुढे जायच्या. बाई वाईट नव्हत्या, त्यांना तेवढंच विचारायला पाठवलेलं होतं. पण मला अजूनही त्या पिशवीचा राग येतो. आख्ख्या सरकारला बाईच्या पोटातल्या पिशवीत फक्त पोरं दिसत होती. जास्त झाली तर थांबवायची, नसली तर पुढच्या दारात जायचं. त्या पिशवीला दुखणंही असू शकतं, हे विचारायला कोणीच आलं नाही.

मग ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. पहिले काही महिने सगळ्यांच्या अंगात वारं होतं. मग एकेक बिऱ्हाड गावाला जायला लागलं, गॅलरीतली तोंडं कमी झाली. गुणाजी शिवडीला गोदामात गोणी उचलायला जाऊ लागला. साच्यावरचा माणूस, पाठीला सवय नाही. संध्याकाळी जिना चढताना कठड्याला धरून उभा राहायचा. संपाच्या तिसऱ्या वर्षी पूर्वा आली. काही मिली चालू झाल्या होत्या, पण याला कोणी परत बोलावलं नव्हतं.

त्या वर्षी अंबूवैनीने मनाशी ठरवलं की काही झालं तरी ओवसा करायचाच. तिला वाटत होतं, ओवसा अडलाय म्हणून सगळंच अडलंय. मूलही, आणि नवऱ्याचं कामही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, गोणपाटावर बसून बसून तिनेच जुळवलं होतं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मिळतात हे चाळीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. सणावाराला औषधाच्या दुकानात जाऊन पदराआडून मागायच्या, दुकानदार कागदात गुंडाळून द्यायचा. तिनेही आणल्या. गावाला निघायच्या आधीच तिचं अंगावरून जायला लागलं होतं. गोळ्यांनी ते थांबलं. एस. टी.त बसताना तिने मला खिडकीतून हात केला. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. जिना उतरतानाच गोणपाटाकडे बोट दाखवून म्हणाली होती, "टाक ते खाली कचऱ्यात!"

पुढचं तिने मला नंतर सांगितलं, एकदाच. गौर आली. तिने नवं लुगडं नेसलं. पहिलं सूप हातात घेतलं आणि गौरीपुढे धरलं. तेवढ्यात पोटात कळ आली आणि पायाखालची जमीन भिजली. तिने सूप सोडलं नाही. सूप घेऊनच खाली बसली आणि मग आडवी झाली. काकड्या, केळी सगळीकडे पसरली. घरात एकच आरडाओरडा झाला, बाटलं, सगळं बाटलं म्हणून. कोणी गौर उचलली, कोणी पाणी शिंपडायला धावलं. "ती बाहेरची हाय, हात लावू नको," गंगूबाई ओरडली. गुणाजीने बायकोला खांद्यावर घेतलं. तो गोण्या उचलून तयार झाला होता. तसाच डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेला, तालुक्याच्या दवाखान्यात तिला सलाइन लावून घेतलं आणि दोन दिवसांनी मुंबईला घेऊन आला. सुपं त्यानेच गोळा करून आणली. पाचही.

विम्याच्या दवाखान्याचं त्याचं कार्ड होतं, पण पगारातून पैसे कापले जात होते तोवरच त्याला जीव. संपात ते नुसता पुठ्ठा झालं. शेवटी परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मीही होते. तिथल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "नारळाएवढी गाठ आहे आत. इतकी वर्षं काय करत होता?" तिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. तीन माणसांनी रक्त दिलं, तिघंही संपावरचे. जीव वाचवायचा तर पिशवी काढायला लागेल, असं सांगितलं. ते चांगले डॉक्टर होते, ऑपरेशननंतर तिच्या खाटेवर बसून त्यांनी समजावलं. ही गाठ कॅन्सरची नव्हती. असल्या गाठी कित्येक बायकांना होतात. लहान असताना कळली असती तर नुसती गाठ काढली असती, पिशवी राहिली असती. पेन्सिली खायची ती सवयही रक्त कमी झाल्याने होती.

"मग मूल?" तिने विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. गुणाजी बाहेर गेला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दमे, ती पेन्सिलींची पेटी दुकानात परत दे. अजून उघडली नाय." मी ती परत दिली नाही, अरबी समुद्रात नेऊन फेकली. दुकानदाराला तोंड दाखवायची मला हिंमत नव्हती.

घरी आल्यावर जे झालं त्याला हसावं की रडावं कळत नाही. पिशवी गेली म्हणजे पाळी गेली. पाळी गेली म्हणजे विटाळ गेला. मजल्यावरची सगळ्यात बाहेरची बाई एका दिवसात सगळ्यात सोवळी झाली! गंगूबाईने तिला देवाचं सगळं सोपवलं. मग शेजारणींना सुचलं. कुणाकडे सत्यनारायण आणि घरची बाई बाहेर बसलेली, की हाक यायची, "अंबू, नैवेद्याचं तेवढं बघ गो." कुणाकडे श्राद्ध, कुणाकडे गणपतीचे मोदक. ती जायची. दुसऱ्यांच्या चुलीपुढे बसून तिने किती पुरणं वाटली असतील! त्या घरातली पोरं तिच्या मांडीत शिरायची. संध्याकाळी ती आपल्या खोलीत परत यायची आणि पदर नाकाला लावून बसायची. पदराला पोरांच्या डोक्याच्या तेलाचा वास असायचा.

आणि पुन्हा पूर्वा आली तेव्हा गुणाजीने आईला विचारलं, आता तरी हिचा ओवसा करूया का? गंगूबाई म्हणाली, "पिशवी नसलेल्या बाईचा ओवसा कसला? कोणासाठी?" देवाचा नैवेद्य करायला ती चालत होती, देवापुढे उभी राहायला चालत नव्हती. हे ऐकून मी गंगूबाईशी भांडले, चांगली कडाकडा भांडले, दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. अंबूवैनीने भांडणात भाग घेतला नाही. ती सुपं पुसत होती.

आता माझं सांगते. लग्नाला काही वर्षं झाली होती, दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. मग माझं अंगावरून जाणं वाढलं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही, बायका देतात का? त्या सुमाराला आमच्याकडे सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, मग नवरात्र, मग आणखी काहीतरी, आणि दर वेळी स्वयंपाकाला अंबूवैनी. एका सकाळी ती आमच्या चुलीपुढे बसली होती आणि मी दाराबाहेर. तिने उलथनं खाली ठेवलं.

"दमे, मागल्या खेपेला मी आले तेव्हा तू बाहेर होतीस. त्याच्या आधी पण. आज कितवा दिवस?"

"काय की. मोजतंय कोण!"

"मी मोजतेय," ती म्हणाली. "बारावा हाय. उठ, लुगडं बदल."

"अगं पुरण चुलीवर आहे!"

"करपूंदे."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. मला काही होत नाही म्हटलं, नवरा काय म्हणेल म्हटलं, शेवटी शिवीही दिली. तिने माझं मनगट सोडलं नाही. परळच्या त्याच इस्पितळात, त्याच जिन्याने ती मला घेऊन गेली. सोनोग्राफीच्या मशीनवर पाहिलं तर गाठ होती, सुपारीपेक्षा थोडी मोठी, नेमकी जिथे नको तिथे. ती काढली, पिशवी ठेवली. दीड वर्षाने मला मुलगा झाला. बारशाला मी त्याला पहिल्यांदा तिच्या हातात दिलं, आणि ज्या बायकांनी भुवया चढवल्या त्यांना पेढे दिले नाहीत. तिने त्याच्या टाळूचा वास घेतला, खूप वेळ घेतला. मग म्हणाली, "घे गो. भूक लागली असेल त्याला." तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि त्याच्या खाली दुसरंही होतं. ते दुसरं मला दिसलं आणि मला माझ्याच सुखाची लाज वाटली.

त्याच काळात वस्त्यांतून महापालिकेची हेल्थ पोस्टं, म्हणजे छोटे दवाखाने, निघाली. आमच्या वस्तीच्या पोस्टवर घरोघर जायला बायका घेत होते, थोड्या मानधनावर. अंबूवैनी सातवी शिकलेली, तिला घेतलं. काम ठरलेलं होतं, गरोदर बायका बघायच्या, पोरांचे डोस, आणि तेच, तांबी आणि ऑपरेशन. पोस्टच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तापट होत्या, माझं त्यांच्याशी लगेच जमलं. त्यांची तक्रार अशी की, बायकांना पाळीचं विचारलं तर सगळ्या "ठीक आहे" म्हणतात, आणि मग एखादी एकदम बेशुद्ध होऊन येते. अंबूवैनीने त्यांना आमच्या जिन्यातल्या कोपऱ्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसत सुटल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी ठरवलं, पाळी नियमित आहे का, असं नाही विचारायचं. मागच्या महिन्यात किती दिवस बाहेर बसलात, तेवढंच विचारायचं.

लालबाग-परळात हे चाललं. नायगावच्या बीडीडी चाळीत अंबूवैनीने हाच प्रश्न विचारला तर तिथली बाई तिच्यावर उखडली. "आमच्यात असलं काय पाळत नाहीत. बौद्ध झालो तेव्हाच सोडलं ते. तुम्ही अजून बसता काय बाहेर? शिकल्या-सवरल्या मुंबईत?" अंबूवैनी लाल होऊन परत आली. मला म्हणाली, "तिचं खरं हाय गो. माझं आयुष्य ज्यात गेलं, ते त्यांनी कचऱ्यात टाकलंय." मग डॉक्टरीणबाईंनी आणि तिने प्रश्न बदलला. किती दिवस जातं, रात्री कितीदा उठावं लागतं, गाठी पडतात का, जिना चढताना दम लागतो का. तो सगळीकडे चालला, कोळीवाड्यात, मोहल्ल्यात, सगळीकडे.

प्रश्न विचारणं सोपं होतं, पुढे पाठवायचं कुठे? प्रसूतिगृहात मशीन होतं, पण ते गरोदर बाईसाठी. एका साहेबाने स्पष्ट सांगितलं, नावच प्रसूतिगृह आहे, इथे बाकीच्यांचं काय काम? म्हणजे पुन्हा तेच, मूल नाही तर पुढचं दार. डॉक्टरीणबाई वॉर्डाच्या प्रत्येक बैठकीत हा विषय काढायच्या, आणि बरोबर अंबूवैनीला न्यायच्या. ती भाषण करायची नाही. कोणी विचारलं तर आपलं सांगायची, उठून उभी राहून, थोडक्यात. शेवटी आठवड्यातली एक दुपार मिळाली. जिला पोटात पोर नाही तिच्यासाठीही मशीन आणि डॉक्टर, रक्त तपासणी, लोहाच्या गोळ्या, आणि लागलं तर मोठ्या इस्पितळाची तारीख. हे मिळायला काही वर्षं गेली. मी असते तर एका दिवसात भांडून मिळवलं असतं, किंवा एका दिवसात हाकलले गेले असते. त्या दुपारी सुरुवातीला बाकडं रिकामं असायचं. मग भरायला लागलं. कधी मशीन बंद, कधी डॉक्टर रजेवर, तरी बायका यायच्या. त्यातल्या कितीजणींच्या पिशव्या राहिल्या ते अंबूवैनीला तोंडपाठ होतं. ती प्रत्येकीच्या बारशाला जायची आणि घरी येऊन पदर नाकाला लावून बसायची.

पुढे गंगूबाई गेली, गावचं घर दिराकडे गेलं. गुणाजीने एकदा पुन्हा विचारलं, "आता आई नाय. करतेस ओवसा?" ती म्हणाली, "आता देऊ कोणाला सुपं? घ्यायला कोण उरलंय?" त्याने पुन्हा विचारलं नाही. मग तोही गेला. जाताना तिचा हात हातात घेऊन म्हणाला होता, तुझ्या ऑपरेशननंतरच्या पूर्वाला मी आईचं ऐकायला नको होतं. ती सांगते, ऐकून मला बरं वाटलं, पण मला ते तीस वर्षं आधी हवं होतं. आता कपाळावर कुंकू नाही, म्हणजे ओवशाचा प्रश्नच मिटला. चाळ पाडली, टॉवर झाला, आम्हा दोघींना एकाच मजल्यावर फ्लॅट मिळाले. टॉवरला माळा नाही. सुपं तिने पलंगाखाली ठेवली.

परवाच्या पावसाळ्यात पुन्हा पूर्वा आली. माझ्या मुलाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, सून समिधा, बँकेत नोकरीला. तिच्या माहेरच्यांना ओवसा ठाऊक नव्हता, त्यामुळे सुपांचा प्रश्न आला. अंबूवैनी आपली पाचही सुपं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "ही घे. नवीच हायत," ती म्हणाली. खरंच, एकालाही कीड लागली नव्हती. चाळीसहून जास्त वर्षं कोणी कशाला इतकं जपतं!

गौरीच्या दिवशी सगळे नातेवाईक जमले. सुपं भरून तयार. समिधा आतल्या खोलीतून बाहेरच येईना. शेवटी मी आत गेले तर म्हणाली, "आई, मला पिरियड्स आलेत. काय करायचं? मला खोटं बोलायचं नाहीये." माझ्या चुलतसासूने दारातून ऐकलं. "मग राहूंदे. पुढच्या पूर्वाला करू," ती म्हणाली. अगदी गंगूबाईचा आवाज. आणि मी, जी आयुष्यभर भांडत आले, माझ्याच देव्हाऱ्यापुढे गप्प उभी राहिले. आत कुठेतरी अजून भीती होती, विटाळात ओवसलं तर नातवंड अडेल, ही.

अंबूवैनी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, विधवा म्हणून गौरीपासून लांब. ती उठली, समिधापाशी आली. सवयीने तिने मनगट धरलं, पापणी खाली ओढून डोळा बघितला.

"कितवा दिवस?"

"तिसरा, आजी."

"जास्त जातं? गाठी पडतात?"

"नाही. नेहमीसारखंच."

"मग काय नाय. चांगली हायस. नेस लुगडं आणि उचल सूप." चुलतसासू काही बोलायला गेली. अंबूवैनीने तिच्याकडे पाहिलं फक्त. "बाय, गौर पण बाईच हाय ना? तिला काय आपण नवं सांगतोय?"

समिधाने ओवसलं. सुपातलं काही सांडलं नाही. पहिलं सूप सासूला द्यायचं असतं, ती माझ्याकडे वळली. मी मान हलवली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. समिधाने ते सूप अंबूवैनीच्या ओटीत ठेवलं आणि वाकून पाया पडली.

अंबूवैनी सुपाच्या काठावरून बोट फिरवत राहिली, दोऱ्यावरून, काकडीवरून. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ती पुसत नव्हती. मी शेजारी जाऊन बसले. मला वाटलं, ती म्हणेल, माझ्या वेळी मला कोणी सूप उचलू दिलं नाही. ती वेगळंच बोलली.

"दमे, मी पडले त्या दिवशी घरात एवढी माणसं होती गो. 'बाहेरची हाय' एवढंच सगळे बोलले. कितवा दिवस, ते कोणी विचारलंच नाय. मी सांगितलं असतं."

मी तिचा हात धरला. तिने सूप कपाळाला लावलं, समिधाच्या हातावर दहाची नोट ठेवली आणि म्हणाली, "जा पोरी, बाकीच्यांना दे. अजून चार हायत."